शेजारचा दात

आमचे आजोबा कवळ्या करायचे. ते डॉक्टर नव्हते. डॉक्टर दात काढायचे आणि आजोबा दात द्यायचे, त्यामुळे डॉक्टर दिसले की लोक रस्ता बदलत आणि आजोबा दिसले की थांबून तब्येतीची चौकशी करत. या फरकाचा आजोबांना थोडा गर्व होता. तो ते लपवत, पण नीट लपवत नसत.

घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. खिडकीखाली लांब टेबल, त्याची पुढची कड कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेली. जॅमच्या रिकाम्या बाटलीत मेण कापायच्या सुऱ्या, बाजूला स्पिरिटचा दिवा आणि भिंतीला छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. प्रत्येक जबड्याच्या बुडाला पेन्सिलने मालकाची ओळख लिहिलेली: 'बेकरी', 'टपाल', 'मास्तरीण', 'भांडकुदळ (वरचा)'. घरी पाहुणे आले की त्या खोलीचं दार लोटून घ्यायची आमच्याकडे पद्धत होती, कारण एकदा काकाच्या साहेबांची बायको हात धुवायची जागा शोधत तिथे शिरली होती आणि बाहेर आल्यावर तिने चहा घेतला नाही. आजोबांना मात्र ती खोली घरातली सर्वांत शांत जागा वाटे. "एवढी तोंडं आहेत," ते म्हणत, "पण एकाची तक्रार नाही."

माझी थोरली बहीण, ताई, शाळेतून आली की तिथेच जाऊन बसे. आजोबांनी तिला शिकवलं असं म्हणता येणार नाही, कारण ते शिकवत नसत. ते तिचा हात आपल्या हाताखाली घेत आणि काम करत. कधीतरी तो हात बाहेर निघाला, तेव्हा त्याला काम येत होतं.

दातांना शास्त्रात नावं आहेत. आजोबांनी ती ऐकली होती, पण वापरत नसत. समोरचे मधले दोन मोठे दात म्हणजे नवरा-बायको. त्यांच्या दोन्ही अंगांचे लहान दात म्हणजे शेजारी. सुळे हे पहारेकरी. आणि त्यामागचे सगळे कामकरी लोक, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही आणि ज्यांच्यावाचून कुणाचं चालत नाही. मेणाच्या हिरडीत सगळी मंडळी आपापल्या जागी उभी करून झाली की, मेण कोमट असतानाच, आजोबा आपला उजवा अंगठा वरच्या डाव्या शेजाऱ्यावर टेकवत आणि हलकेच दाबत. तो दात किंचित वळे आणि त्याची एक कड नवऱ्याच्या पुढे येई.

"हे कशाला?" ताईने एकदा विचारलं होतं.

"शेजारी आहे तो. डोकावणारच."

"सरळ ठेवला तर?"

"सरळ शेजारी तू कुठे पाहिलास? सगळे एका रांगेत उभे केले की कवायत दिसते. माणूस हसला असं वाटत नाही."

दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्याकडून आजोबांना काम येई, त्यांनी एक-दोनदा हरकत घेतली. आजोबा म्हणाले, "बघू." हा आजोबांचा आवडता शब्द होता. त्याचा अर्थ 'नाही' असा होता, पण ते कळायला माणसाला काही वर्षं लागत.

आजोबा गेले ते झोपेत, स्वभावाला धरून, कुणालाही न विचारता. भेटायला इतकी माणसं आली की समोरच्या मास्तरीणबाईंकडून खुर्च्या आणाव्या लागल्या. मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, त्यांचा आवाज अजून झालेला नाही. येणारे बहुतेक जण आजोबांचेच दात घालून आले होते. ज्याने कवळी केली त्याच्या दारी निदान कवळी घालून जावं, एवढी सभ्यता आमच्या भागात शिल्लक आहे.

बराच वेळ सगळे रीतसर गंभीर होते. मग बेकरीवाल्यांना राहवेना.

"मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन आलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, भांडताना वरची कवळी खाली येते. तर म्हणाले, भांडायला निघताना बायकोकडे ठेवून जात जा."

"मग?" टपालवाले म्हणाले.

"म्हटलं, भांडण तिच्याशीच असतं हो!"

सगळे हसले. आधी जपून, मग मनापासून. आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, कारण नाहीतर पडला असता. बेकरीवाले, टपालवाले, मास्तरीणबाई, घड्याळं दुरुस्त करणारे आणि त्यांचं कुटुंब, सगळ्यांच्या तोंडात डावा शेजारी नवऱ्याच्या पुढे डोकावत होता. एकेकटा माणूस हसताना हे कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका खोलीत, एकाच विनोदाला, एकदम हसले तेव्हा ते एका घराण्यातले दिसायला लागले.

आणि घराणं कोणाचं, तेही आत्याला दिसलं. कारण भिंतीजवळ आजी बसली होती, आणि तीही नकळत हसली होती.

"आई," आत्या म्हणाली, "हे सगळे तुझ्यासारखे हसतायत."

आजीने तोंड मिटलं.

आजीचा तो दात जन्मापासून तसाच होता. आम्ही तो रोज पाहत होतो, म्हणजे पाहत नव्हतो. घरातली एखादी पायरी थोडी तिरकी असते आणि घरचा कुणीच तिच्यावर अडखळत नाही, तसं ते होतं. शेजारी, डोकावणं, कवायत हे सगळं आजोबांचं तत्त्वज्ञान मागाहून केलेलं होतं. त्यांच्या अंगठ्याला हसणारं तोंड एकच ठाऊक होतं आणि ते तो सगळ्यांना देत सुटला होता.

काका एका कंपनीत जाहिरातीचं बघतो. त्यामुळे त्याला भावना झाली की ती कुठेतरी छापून यावी असं वाटतं. "कुणी बायकोसाठी महाल बांधतं," तो येईल त्याला सांगू लागला, "आमच्या बाबांनी कवळ्या बांधल्या." दुसऱ्यांदा सांगताना त्याने 'कुणी'नंतर थोडं थांबायला सुरुवात केली. आजोबांना वर्ष होईल त्या दिवशी एक फोटो काढायचा, असं त्याने ठरवलं. मधोमध आजी, आणि तिच्याभोवती तिचंच हसू तोंडात घेऊन बसलेली सगळी मंडळी. आत्या हे ऐकून रडली. मास्तरीणबाईंनी कोणती साडी नेसायची ते विचारलं.

आजी काही बोलली नाही. ती गप्प बसली की घरात त्याचा अर्थ होकार असा घेत. ती सवय घराला आजोबांनी लावली होती.

आजोबा असेपर्यंत आजीच्या दातांना काही झालं नाही. "ह्यांच्या हातचा चहा घेईन," ती म्हणायची, "दात घेणार नाही." ते गेल्यावर दातांनीही मनावर घेतलं. एकेक हलायला लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी थोडे थोडे करत सगळे काढले. शेवटी तो दात निघाला. काकाने तो आठवण म्हणून मागून घेतला, खिशातून आधीच आणलेली छोटी डबी काढली आणि दात तिच्यात ठेवला. आजीने बोळा दाबलेल्या तोंडाने डबी उघडली, दात उचलला, पायाने झाकण उघडतं त्या बादलीवर पाय दिला आणि आत टाकला. बादली बंद झाली.

हिरड्या भरून आल्या तशी कवळीची वेळ आली. ती ताई करणार हे सांगायची गरज नव्हती. आजोबांमागे मागची खोली तीच चालवत होती. जेवण झाल्यावर सगळे बसलो असताना काका म्हणाला, "फोटोच्या आधी होईल ना गं? आणि तो दात अगदी नीट यायला हवा बरं का. म्हणजे नीट वाकडा."

"मला सरळ पाहिजे," आजी म्हणाली.

दात नसल्यामुळे ते थोडं वाऱ्यासारखं ऐकू आलं. काकाने विचारलं, "काय?"

"सरळ. सगळे. एका रांगेत. कवायत."

"आई, अगं, बाबांची आठवण आहे ती!"

"आठवण तुमची असेल. दात माझा होता."

"पण तुझ्यामुळेच तर त्यांनी—"

"माझ्यामुळे?" आजी खुर्चीत पुढे सरकली. "लहानपणी माझ्या बहिणी मला कडी म्हणायच्या. दाराची कडी. का, तर एक दात सदा अडकवलेला. लग्न झालं, नवरा दातांच्या कामातला निघाला. म्हटलं, सुटले. पहिल्याच महिन्यात सांगितलं, एवढा एक दात तुमच्या डॉक्टरांकडून काढून घेते, तिथे तुमच्या हातचा सरळ बसवून द्या. काय म्हणाले असतील?"

"बघू," आत्या हळूच म्हणाली.

"जन्मभर बघितलं. हसताना तोंडावर हात धरून माझं मनगट दुखायचं, पण ह्यांचं बघून होईना. आणि आता बघते तर काय! मी म्हटलं काढा, ह्यांनी वाटला!"

आत्या थोडी हसली आणि मग हसावं की नाही असा चेहरा करून बसली. काका म्हणाला की प्रेम करायची प्रत्येकाची पद्धत असते. आजी म्हणाली, "असते ना. माझी पद्धत अशी की मागितलं ते द्यायचं." मग तिने ताईकडे पाहिलं. "तू देशील का? की तूही बघशील?"

"देईन," ताई म्हणाली. "त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते पुढच्या आठवड्यात कळलं. कवळी पक्की करण्याआधी ती मेणात लावून तोंडात घालून बघतात, म्हणजे काही बदलायचं असेल तर बदलता येतं. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आजीने ती घातली, हातातला आरसा लांब धरला, जवळ धरला आणि मग माझ्याकडे दिला.

"तू सांग रे. कोण आलंय ते."

डावा शेजारी डोकावत होता. फार नाही, पण आजोबांइतका.

"मी सरळ लावला होता!" ताई म्हणाली. "पट्टी धरून लावला होता, आजी, शप्पथ!"

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "पण तुझा नेहमी असाच येतो," त्या म्हणाल्या. "आजोबा गेल्यावर मी तुला सांगितलं ना, यापुढे सरळ लावत जा? तू हो म्हणालीस आणि तसाच पाठवत राहिलीस. मला वाटलं मुद्दाम करतेस. लोकांची तक्रार नव्हती, म्हणून मीही सोडून दिलं."

ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आजोबांनंतर केलेली एकूण एक कवळी आपण सरळ लावली, अशी तिची समजूत होती. त्या समजुतीवर तिने खोलीला नवा रंगही लावून घेतला होता.

घरी येताना ती रस्ताभर आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा चुकून आपल्याकडे आला असावा तशी. "म्हणजे मी केलेलं काहीच माझं नाही," ती मला म्हणाली. "लोक वाखाणतात ते आजोबांनाच."

"तुला वाईट वाटतंय की बरं?"

"ते नंतर बघीन. आधी आजीचा दात. ती एकच गोष्ट मागत आलीय, आणि या घरात ती एकच गोष्ट कुणाला करता येत नाहीये."

दुसऱ्या खेपेला तिने मला टेबलाजवळ बसवलं. "तू काही करायचं नाहीस. फक्त माझा अंगठा बघायचा. त्या दाताकडे निघाला की ओरडायचं."

मी बघत बसलो. दिव्यावर सुरी तापत होती, मेण वितळत होतं, विकत आणलेला एकेक तयार दात पुठ्ठ्यावरून निघून आपल्या जागी जात होता. नवरा आला, बायको आली, दोन्ही शेजारी सरळ उभे राहिले. पहारेकरी आले. कामकरी लोक आले. ताईचा अंगठा सुरीच्या मुठीवर होता आणि मी त्याच्यावर डोळा ठेवून होतो. शेवटी तिने सुरी ठेवली, दिवा विझवला आणि कवळी उचलून माझ्यासमोर धरली.

"झालं! बघितलंस ना? नाही लावला अंगठा!"

"लावलास," मी म्हणालो.

"कधी?"

"नाही लावला म्हणालीस तेव्हा."

तिने पाहिलं. नंतर ती जे बोलली ते आजोबांनी शिकवलेलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळून तो आत दुमडून बांधला. तर्जनीने ते काम केलं. हाताला माहीत होतं, आपल्यापैकी कुणीतरी ते करायला हवं. काकाला हे समजलं तेव्हा तो फार खूश झाला. "बाबांची इच्छाच आहे ती," तो म्हणाला. "आता तरी आईने ऐकावं."

"त्यांची इच्छा असती तर तोंडाने सांगितली असती," आजी म्हणाली. "एवढी तोंडं होती खोलीत, एकातून तरी सांगायची."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच उठून मागच्या खोलीत आली. तिथे ती फारशी जात नसे. भिंतीवरचे सगळे आपल्याकडे बघून आ वासतात, असं तिचं म्हणणं होतं. ताईने घाईने स्टुलावरचं प्लास्टरचं पोतं उचललं. आजी तिच्या उजव्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून बसली. मी दारात होतो. मला कुणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"लाव," आजी म्हणाली.

ताई लावू लागली. आजी बघत होती. आजोबांचं काम तिने आयुष्यभर भिंतीपलीकडून ऐकलं होतं, खरवडण्याचा आवाज, सुरी बाटलीत टाकल्याचा आवाज. आता प्रत्येक आवाजाला ती मान डोलवत होती, म्हणजे हा आवाज याचा होता तर.

"हे गुलाबी काय?"

"मेण. हिरडीच्या जागी."

"माझी हिरडी इतकी गुलाबी कधी होती?"

"आजोबा म्हणायचे, कवळीत माणूस थोडा लाजलेला बरा."

"तोंडाचे पक्के होते," आजी म्हणाली. "माझ्याशी बोलताना एक 'बघू', आणि इथे येऊन दातांशी गप्पा."

नवरा-बायको बसले. उजवा शेजारी बसला. डावा शेजारी ताईने श्वास धरून बसवला, पट्टी लावली, डोळा बारीक करून पाहिलं. तो सरळ होता. बाकीचे दात भराभर आले. शेवटचा कामकरी दात जागी गेला आणि ताईने सुरी बाटलीत टाकली. बाटलीचा आवाज झाला.

तेव्हा अंगठा निघाला. ताई खिडकीबाहेर बघत होती, तिला पत्ता नव्हता. तो सावकाश वर आला, कोमट मेणावरून फिरला, आणि नेमक्या दातापाशी वळणार तोच आजीने तो धरला. पूर्ण मुठीत, लहान मुलं मोठ्यांचं बोट धरतात तसा.

"अहो," ती म्हणाली, "राहू द्या आता."

ताईने हात ओढला नाही. ती वळून पाहणार होती, पण तिने तेही केलं नाही. हे आपल्याशी बोलणं नाही एवढं तिला कळलं होतं, आणि अशा वेळी मध्ये बघू नये. खिडकीतून रस्त्यावरच्या एका गाडीचा आवाज आला आणि गेला. मेण गार व्हायला जितका वेळ लागतो तितका वेळ आजीने तो अंगठा धरून ठेवला. नंतर आणखी थोडा धरून ठेवला. त्याची कवळीला गरज नव्हती.

मग सोडला आणि म्हणाली, "पुढचं उकळायचं वगैरे असतं ना? ते कर. मी पडते जरा."

कवळी पक्की झाली. आजीने ती आरशापुढे घातली. ओठ मिटले, उघडले, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. सगळे दात एका रांगेत उभे होते. शेजारी आपल्या घरात होता. काकाने पाहिलं आणि पाय आपटल्यासारखं करत खिडकीशी गेला. आत्या म्हणाली, "छान दिसतेस, आई," आणि मग खरं काय ते न राहवून म्हणाली, "पण कुणासारखी दिसतेस तेच कळत नाही."

"माझ्यासारखी," आजी म्हणाली. "तुम्ही मला पाहिलं नव्हतंत."

ती लगेच समोर मास्तरीणबाईंना दाखवायला गेली. मास्तरीणबाईंनी तिला उजेडात उभी केली, चष्मा वर केला आणि बराच वेळ तपासलं. मग त्यांनी आपली कवळी काढून बशीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बशीसकट ताईकडे घेऊन आल्या.

"माझाही तसाच सरळ करून दे. नाहीतरी कवळी जुनी झालीय, नवी करू."

ताईला आता जमत होतं. अंगठा अजून निघायचा, पण ती त्याला वाटेत ओळखायला शिकली होती. काम चालून आलं होतं आणि तिने बशीला हात घातला. आजी आतून आली.

"त्यांचा नाही करायचा."

"का हो?" मास्तरीणबाई दातांशिवाय म्हणाल्या, तरी शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं. "स्वतः घेतलात करून, आणि आम्ही का वाकडं तोंड घेऊन फिरायचं?"

"माझा आपोआप आला होता. कुणी दिला नव्हता. म्हणून काढला."

"मग माझा?"

"तुमचा ह्यांनी हाताने बसवून दिलाय. मोडायचा नाही."

"अहो, पण तोंड माझं आहे ना!"

"तोंड तुमचंच," आजी म्हणाली. "मी कुठे काय म्हणते? घाला बघू ती कवळी, बशी माश्यांना दिसतेय."

यात न्याय शोधण्यात अर्थ नव्हता. मास्तरीणबाईंनी कवळी घातली आणि आजीकडे पाठ फिरवून दोन दिवस बोलल्या नाहीत. पण फोटोला आल्या, ठरलेली साडी नेसून. काकाने शेवटी फोटो घेतलाच. सगळी व्यवस्था झाली होती आणि बेकरीवाल्यांनी दाढी केली होती. मधोमध आजी, भोवती सगळे. फोटोग्राफर तरुण होता, त्याला कशाची कल्पना नव्हती. त्याने सगळ्यांना हसवलं, चारदा बटण दाबलं आणि निघताना काकाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "मधल्या आजींची कवळी थोडी कळते हो. बाकीच्या सगळ्यांचे दात त्या मानाने कसे खरे वाटतात."

"ऐकू आलं मला," आजी म्हणाली.

तिने कवळी बदलून घेतली नाही. ताईने एकदा विचारलं, तर म्हणाली, मला हवं होतं ते मिळालं, आता त्यावर तक्रार करायला मी काय गिऱ्हाईक आहे? ती सरळ दातांनीच जेवते, बोलते आणि मोकळी हसते. ताईच्या नव्या कवळ्यांत तो दात कधी सरळ असतो, कधी नसतो. ते ती माणूस बघून ठरवते, आणि कसं ठरवते ते सांगत नाही.

आजीत फरक पडला तो वेगळाच. संध्याकाळी मास्तरीणबाई अंगणात खुर्ची टाकून बसतात, तिथे आजी आपली खुर्ची घेऊन जायला लागली. तीही शेजारी नाही, समोर. आणि जन्मात कधी विनोद न सांगितलेली आजी त्यांना विनोद सांगायला लागली. बेकरीवाल्यांचे ऐकलेले, वर्तमानपत्रात आलेले, काही स्वतः केलेले. विनोद बरे नसत. शेवट आधी सांगून टाकायची, आणि मग मास्तरीणबाईंच्या तोंडाकडे बघत थांबायची. मास्तरीणबाई तिला म्हणत, "अहो, हा काल सांगितलात," आणि तरी हसत, आणि डावा शेजारी नवऱ्याच्या पुढे डोकावे. कवळी चांगली बसलेली होती.